जुन्या गाडीचं रिस्टोरेशन अडतं कुठे? इवल्याशा प्लास्टिक क्लिपपाशी!

जुनी गाडी पुन्हा उभी करायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर इंजिन, पत्रा आणि रंग येतो. ही कामं महाग असतात, वेळखाऊ असतात, पण ती करणारी माणसं सापडतात. बोअरिंग करणारे आहेत, डेंटर-पेंटर आहेत, सीट शिवणारे कुशनवाले आहेत. खरी पंचाईत सगळ्यात शेवटी होते. रंग लागून गाडी चकाचक झालेली असते, दाराचे पॅड, बिडिंग, कार्पेट, बंपर परत बसवायचे असतात आणि तेव्हा लक्षात येतं की हे सगळं ज्या क्लिपांवर उभं होतं त्यातल्या निम्म्या काढतानाच तुटल्यात. उरलेल्या हात लावताच मोडतायत. मिस्त्री म्हणतो, "स्क्रू मारून टाकू का?"

इथे थोडं थांबायला हवं. त्या क्लिपा मिळतात. फक्त त्या शोधायची पद्धत इंजिनचा पार्ट शोधण्यापेक्षा वेगळी आहे.

आधी कुठल्या गाड्यांचं बोलतोय ते सांगतो. पन्नास-साठच्या दशकातल्या रचनेच्या गाड्यांत अशा जागी बऱ्याचदा स्टीलच्या स्प्रिंग क्लिपा असायच्या. त्या गंजतात, पण तारेतून वाकवून नव्या करता येतात. प्लास्टिकचं दुखणं सुरू होतं ते ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांपासून. मारुती ८०० (पहिली १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली, तर १९८६ मध्ये आलेलं दुसरं रूप २०१४ पर्यंत बनत होतं), प्रीमियर ११८ एनई, काँटेसा, स्टँडर्ड २००० या त्या पिढीतल्या गाड्या. लोक आता हौसेनं नीट करून घेतायत त्यात याच जास्त आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्याच गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, म्हणजे पहिल्या मारुतीला त्यासाठी २०३३ उजाडेल. पण क्लिपा तोवर थांबत नाहीत.

क्लिप मोडते का?

या क्लिपा बहुतेक वेळा नायलॉनच्या असतात. काही अ‍ॅसिटलच्या, काही पॉलिप्रॉपिलीनच्या. नायलॉन १९३५ मध्ये ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटानं तयार केलं. सुरुवातीला त्याचे मोजे आणि ब्रशचे केस बनले, मग ते यंत्रांत आणि गाड्यांत शिरलं. ते चिवट असतं, वाकून परत सरळ होतं, तेल-ग्रीसला दाद देत नाही. क्लिपला नेमकं हेच हवं असतं.

पण नायलॉनचा एक स्वभाव फार लोकांना माहीत नसतो. ते हवेतला ओलावा पितं. नेहमीच्या दमट हवेत त्याच्या वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं, आणि हे पाणीच त्याला लवचीक ठेवतं. कोरडं पडलेलं नायलॉन कडक आणि ठिसूळ होतं. म्हणजे पावसाळ्यात कोकणात सहज निघालेली क्लिप मे महिन्यात नागपुरात तट्कन तुटू शकते. हा भाग निदान परत फिरवता येतो, पाणी दिलं की नायलॉन पुन्हा सैलावतं.

दुसरा भाग परत फिरत नाही. उन्हात बंद उभ्या गाडीत आतला ताप साठ अंशांच्या पुढे सहज जातो. वर्षानुवर्षं अशी उष्णता, ऑक्सिजन आणि अतिनील किरण मिळून प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडत राहतात. पांढरी क्लिप पिवळी पडते, मग तपकिरी होते, मग बिस्किटासारखी भुगा होते. काळ्या क्लिपा उन्हात जास्त टिकतात, कारण त्यांत मिसळलेली काजळी किरणं शोषून घेते. पिवळ्या-तपकिरी झालेल्या क्लिपा कितीही गरम पाण्यात घातल्या तरी तरुण होत नाहीत, हे इथेच स्पष्ट केलेलं बरं.

स्क्रू का नको?

'छोटी गोष्ट आहे, चालतंय' असं म्हणण्यात थोडा धोका आहे. दाराच्या पॅडमागे काच खाली सरकायची जागा असते आणि वायरी असतात. तिथे लांब स्क्रू मारला तर काचेला चर पडू शकते किंवा वायर सोलली जाऊ शकते. शिवाय स्क्रू आपलं भोक स्वतः कापत जातो, त्या कापलेल्या कडेला रंग नसतो. पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू. ज्या दारावर हजारो रुपयांचा रंग केला ते दार आतून सडायला लागतं.

काही प्लास्टिकच्या तुकड्यांवर तर सुरक्षितताच अवलंबून असते. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या गाडीच्या तळाशी ज्या क्लिपांनी धरलेल्या असतात त्या नसतील तर नळी थरथरते, पत्र्याला घासते आणि झिजत जाते. दाराच्या कुलपाचे दांडे ज्या चिमुकल्या फिरत्या क्लिपांनी जोडलेले असतात त्यातली एक तुटली की हँडल हातात येतं आणि दार उघडतच नाही. आणि सगळ्यात दुर्लक्षित तुकडा म्हणजे ब्रेक पेडलच्या पट्टीवरचं बटण. बऱ्याच जपानी रचनेच्या गाड्यांत पेडलच्या पट्टीला एक भोक असतं, त्यात प्लास्टिकचं किंवा रबराचं बूच बसवलेलं असतं. पाय उचललेला असतो तेव्हा हे बूच ब्रेकलाइटच्या स्विचची दांडी दाबून धरतं. बूच भुगा होऊन पडलं की दांडी भोकातून आरपार जाते आणि ब्रेकलाइट कायम पेटलेले राहतात. बॅटरी उतरते ते सोडा, मागच्या गाडीवाल्याला तुम्ही ब्रेक दाबलाय हे कळायचा मार्गच उरत नाही. पायाशी कार्पेटवर प्लास्टिकचा भुगा दिसला तर आधी हे बूच तपासा.

ड्रायव्हरच्या पायाखालची चटई जागेवर धरणारा हूकही याच यादीतला. चटई सरकून अ‍ॅक्सिलरेटरमध्ये अडकण्याच्या धोक्यामुळे टोयोटानं २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केलं होतं.

काढतानाच निम्मं काम वाचतं

नवी क्लिप शोधण्याआधी जुनी शक्य तितकी अखंड निघाली पाहिजे, कारण तीच तुमचा नमुना आहे. पॅड हातानं ओढून काढू नका. क्लिप नेमकी कुठे आहे ते बोटांनी चाचपा आणि तिच्या अगदी जवळ चपटं हत्यार घाला. बाजारात दोन दातांची काटेरी पट्टी मिळते, ती क्लिपच्या मानेला दोन्ही बाजूंनी धरते. ती नसेल तर स्क्रूड्रायव्हरला जाड कापड गुंडाळा किंवा बांबूची पाचर वापरा. हेअर ड्रायरनं थोडं कोमट केलं तर प्लास्टिक जरा सैलावतं.

मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि बंपरखाली दोन तुकड्यांची क्लिप असते. बाहेरचं डोकं आणि मधली खिळी. इथे घाई नडते. काहींत मधली खिळी वर खेचायची असते, काहींत दोन-तीन मिलिमीटर आत दाबायची असते, काहींच्या डोक्यावर स्क्रूची खाच असते आणि ती फिरवून वर आणायची असते. दाबायच्या प्रकारात खिळी जोरानं ढकलली तर ती आरपार पडते आणि हरवते. पुन्हा बसवताना खिळी आधी वर ढकलून घ्यायची, क्लिप भोकात घालायची आणि मग खिळी डोक्याच्या पातळीत आणायची.

निघालेली प्रत्येक क्लिप वेगळ्या पिशवीत घालून त्यावर जागा लिहा: 'पुढचं उजवं दार, खालची रांग' वगैरे. एकाच दाराला दोन वेगळ्या क्लिपा असतात, असं अनेकदा दिसतं. सगळ्या एकाच डब्यात टाकणाऱ्याला नंतर डोकं धरून बसावं लागतं.

मोजायचं काय?

बहुतेक जण क्लिप घेऊन दुकानात जातात आणि "अशीच द्या" म्हणतात. दुकानदार साधारण तशी दिसणारी देतो. ती बसते, पण आठवड्यात खडखडायला लागते. कारण दिसण्यापेक्षा मापं महत्त्वाची, आणि त्यातलं पहिलं माप क्लिपचं नसतंच. ते पत्र्यातल्या भोकाचं असतं.

क्लिपचे काटे भोकापेक्षा मुद्दाम थोडे मोठे केलेले असतात, दबून आत जावेत आणि आत गेल्यावर फुलावेत म्हणून. जुन्या क्लिपचे काटे झिजलेले किंवा मोडलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मापावर विसंबता येत नाही. भोक व्हर्नियरनं मोजा. व्हर्नियर नसेल तर ड्रिलच्या बिटांची गुळगुळीत बाजू वापरा. सातचं बिट सहज जातं आणि साडेसातचं अडतं, म्हणजे भोक त्यामधलं. गाडी नुकतीच रंगवलेली असेल तर भोकाच्या कडेला प्रायमर आणि रंगाचे थर साचून ते थोडं लहान झालेलं असतं. तिथे क्लिप ठोकून बसवू नका, आधी कड हलकेच साफ करा आणि उघड्या पत्र्याला टचअप लावा. उलट भोक गंजून मोठं झालं असेल तर कुठलीही क्लिप टिकणार नाही, आधी पत्र्याचं काम.

दुसरं माप म्हणजे पकड: डोक्याच्या खालच्या पृष्ठभागापासून पहिल्या काट्यापर्यंतचं अंतर. जेवढे थर एकत्र धरायचे आहेत, म्हणजे पत्रा, कार्पेट, पॅनेल, त्यांच्या एकूण जाडीशी ते जुळलं पाहिजे. खडखडाटाचं कारण बहुतेकदा इथेच असतं. एकावर एक काटे असलेली झाडासारखी क्लिप वेगवेगळ्या जाडीला चालते, म्हणून जिथे शंका आहे तिथे ती बरी. दोन पायांची, नांगरासारखी क्लिप एकाच जाडीसाठी बनलेली असते, पण तिची पकड जास्त घट्ट आणि ती पुनःपुन्हा काढता-घालता येते.

मग डोक्याचा व्यास आणि मागच्या बाजूला किती खोल जागा आहे ते. दाराच्या पॅडच्या क्लिपला आणखी एक माप लागतं: मानेची जाडी आणि डोक्याच्या दोन चकत्यांमधली फट. कारण ती चकती पॅडच्या हार्डबोर्डमधल्या किल्लीच्या भोकासारख्या खाचेत सरकते. हार्डबोर्ड पाण्यानं फुगून ती खाच फाटली असेल तर नव्या क्लिपचा काही उपयोग नाही. त्या जागी मागून पातळ प्लायचा तुकडा चिकटवून खाच पुन्हा कापावी लागते, किंवा जुनं पॅड नमुना म्हणून ठेवून नवंच कापून घ्यावं लागतं. कुशनवाले हे काम चांगलं करतात.

दाराच्या क्लिपेला खाली फोमची किंवा मऊ रबराची टोपी असेल तर ती शोभेची नाही. दारात काचेच्या फटीतून पाणी शिरतंच, ते क्लिपच्या भोकातून आत केबिनमध्ये येऊ नये म्हणून ती असते. तशीच क्लिप घ्या. आणि पॅडमागचं प्लास्टिकचं शीट फाटलं असेल तर ते आत्ताच बदला. मुंबईच्या पावसात फ्लोअर ओलं राहण्याचं कारण पुष्कळदा हेच शीट असतं.

शोधायचं कुठे?

इथे एक गोष्ट समजली की अर्धं कोडं सुटतं. गाडी बनवणारी कंपनी या क्लिपा सहसा स्वतः बनवत नाही. त्या बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात आणि एकाच जातीची क्लिप अनेक गाड्यांना जाते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलची ए. रेमंड ही अशीच एक कंपनी. १८६५ मध्ये सुरू झाली, हातमोज्यांच्या दाबबटणांनी तिचं नाव झालं, आणि आज ती गाड्यांच्या क्लिपा बनवते. तिचा कारखाना पुण्याजवळ चाकणलाही आहे. म्हणून 'माझी गाडी बंद झाली, आता पार्ट कुठला मिळणार' हे क्लिपच्या बाबतीत खरं नाही. गाडी बंद झाली तरी तिची क्लिप दुसऱ्या कुठल्या तरी चालू गाडीत जिवंत असू शकते.

मारुतीवाल्यांचं नशीब तर विशेष चांगलं. सुझुकीच्या पार्ट नंबरांत ०९ नं सुरू होणारे नंबर कुठल्या एका मॉडेलचे नसतात, ते सगळीकडे वापरायचे स्टँडर्ड भाग असतात. त्यातले ०९४०९ नं सुरू होणारे क्लिपांचे. सुझुकीच्या मोटारसायकलींच्या प्लास्टिकलाही याच मालिकेतल्या क्लिपा लागतात, त्यामुळे कारच्या काउंटरवर 'नाही' ऐकलं तरी शोध संपत नाही. टोयोटात ९०४६७ नं सुरू होणारे नंबर याच जातीचे. पार्ट कॅटलॉगमध्ये आपल्या गाडीचं चित्र उघडून नंबर काढा आणि मग नंबरानं शोधा. 'दाराची क्लिप' म्हणून शोधलं तर इंटरनेट तुम्हाला हजार वेगळ्या वस्तू दाखवेल.

कंपनीच बंद पडलेल्या गाड्यांसाठी त्यांची वंशावळ उपयोगी पडते. काँटेसाचा सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, प्रीमियर ११८ एनईचा फियाट १२४ च्या स्पॅनिश भावंडाचा म्हणजे सेआट १२४ चा, स्टँडर्ड २००० चा रोव्हर एसडी-१ चा. या मूळ गाड्यांचे चाहते युरोपात आहेत आणि त्यांच्यासाठी सुटे भाग विकणारेही. मात्र आपल्याकडे बनताना आतली सजावट बरीच बदलली गेली होती, म्हणून पत्र्याशी निगडित क्लिपा जुळण्याची शक्यता जास्त, आतल्या पॅनेलच्या कमी. नंबर जुळला तरी मापं विचारूनच मागवा.

प्रत्यक्ष बाजारात मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टचा भाग आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत कश्मीरी गेट, चेन्नईत पुदुपेट्टै या जागा जुन्याच. पण माझा सल्ला विचाराल तर आधी जवळच्या कुशनवाल्याकडे जा. त्याच्याकडे बरण्या भरून क्लिपा असतात, आणि कुठली कशाच्या जागी चालते हे त्याला कॅटलॉगपेक्षा जास्त ठाऊक असतं. भंगारातून काढलेल्या जुन्या क्लिपा नमुन्यासाठी घ्या, बसवायला नको. त्यांचंही वय तुमच्या क्लिपांएवढंच आहे.

ऑनलाइन मिळणारे चारशे-पाचशे क्लिपांचे डबे मोहात पाडतात. कुठलं माप बसतंय हे ठरवायला ते छान आहेत. पण त्यातलं प्लास्टिक अनेकदा हलकं असतं, शेवटच्या बसवणीसाठी मी त्यांवर भिस्त ठेवणार नाही.

हातात आलेली क्लिप चांगली की टाकाऊ?

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. क्लिप साध्या पाण्याच्या ग्लासात टाका आणि तिला चिकटलेले बुडबुडे बोटानं काढा. तरंगली तर ती पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची. बुडाली तर आता १०० मिली पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात टाका. साधं नायलॉन या खारट पाण्यात तरंगतं, कारण त्याची घनता सुमारे १.१४ आणि त्या पाण्याची १.२ च्या आसपास. अ‍ॅसिटल १.४ चं, ते बुडतंच. काचतंतू मिसळलेलं नायलॉनही बुडतं, एवढी एक फसगत लक्षात ठेवा. मूळ क्लिप नायलॉनची आणि नवी पाण्यावर तरंगणारी असेल तर उष्णतेच्या जागी ती नको. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास, आणि त्याच्या कितीतरी आधीच ते मऊ पडून पकड सोडतं.

नवी नायलॉनची क्लिप फार कडक वाटली तर ती गरम पाण्यात तासभर ठेवा, मग दिवसभर उघड्यावर राहू द्या. मग मोकळ्या भोकात एक क्लिप तीनदा घालून काढून पाहा. काट्यांवर पांढरे ओरखडे उमटले किंवा एखादा काटा तुटला तर तो सगळा माल परत.

काहीच मिळालं नाही तर?

मग बनवावी लागते. थ्री-डी प्रिंटिंग आता सहज मिळतं, पण घरगुती प्रिंटरवरचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात ते दारातच वितळल्यासारखं होईल. नायलॉनच्या पावडरीतून लेझरनं छापलेले तुकडे बरेच चांगले. तरी पातळ, वारंवार वाकणाऱ्या काट्यांपेक्षा बिडिंगचे धारक, पेडलचं बूच, कुलपाच्या दांड्याची क्लिप अशा थोड्या जाड वस्तूंसाठी ते जास्त योग्य. एकाच मॉडेलचे दहा-वीस मालक एकत्र आले तर वसई किंवा भोसरीकडच्या एखाद्या मोल्डिंगवाल्याकडून साचा करून घेणंही परवडतं. साचा महाग, पण एकदा झाला की क्लिप जवळजवळ फुकट पडते. डाव्या-उजव्या बाजूच्या क्लिपा वेगळ्या आहेत का, हे साचा कापण्याआधी दोनदा तपासा.

बसवताना भोकाच्या कडेला थोडं मेण किंवा गंजरोधक लावा. पॅड ठोकण्याआधी प्रत्येक क्लिप आपल्या भोकासमोर आहे ना, हे खालून डोकावून पाहा. एक जरी तिरकी गेली तर पुन्हा सगळं उघडावं लागतं. आणि मागवताना लागतील त्यापेक्षा पाच-दहा जास्त मागवा, पिशवीवर नंबर लिहून उन्हापासून लांब ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, घरातल्या कपाटात.